पासवर्ड बदलूनही सीपॅनेलचे खाते पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेले. आणखी काय तपासावे?

नवखा_व्यवस्थापक:
एका संस्थेची तीन संकेतस्थळे मी एकाच सीपॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचे वेब-पॅनेल) खात्यातून सांभाळतो. गेल्या आठवड्यात त्यांपैकी एका संकेतस्थळाच्या अपलोड फोल्डरमध्ये मी न ठेवलेल्या दोन पीएचपी फाइल्स (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या) सापडल्या, म्हणून त्या काढून टाकल्या आणि खात्याला वीस अक्षरांचा नवा पासवर्ड दिला. चार दिवसांनी त्या पासवर्डने लॉगिन होईना. होस्टिंग कंपनीने खाते परत मिळवून दिले तेव्हा संपर्काच्या ईमेलच्या जागी भलताच पत्ता दिसला. तुमचाच पासवर्ड फुटला असावा, असे कंपनीचे म्हणणे आहे. परंतु तो मी कोणालाही दिलेला नव्हता आणि ब्राउझरमध्येही साठवलेला नव्हता. मग हे घडले कसे?

सर्व्हर_राखणदार:
आपला पासवर्ड फुटलाच असेल असे नाही. बहुधा तो कोणाला लागलाच नसावा. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती असतात तिथे, संकेतस्थळाचा पीएचपी कोड सहसा खातेधारकाच्याच वापरकर्तानावाने चालतो. त्यामुळे एखाद्या जुन्या प्लगइनच्या (संकेतस्थळाला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमच्या) फटीतून शिरलेली फाइल होम डिरेक्टरीत, म्हणजे खात्याच्या मुख्य फोल्डरमध्ये, आपल्याइतक्याच अधिकाराने लिहू शकते. सीपॅनेलमध्ये संपर्काचा ईमेल याच डिरेक्टरीत ‘.कॉन्टॅक्टईमेल’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये राहत आला आहे. घुसखोर तिथे स्वतःचा पत्ता लिहितो, लॉगिनच्या पानावर पासवर्ड रीसेट मागतो आणि पडताळणीचा कोड त्याच्याच मेलबॉक्समध्ये जाऊन पडतो. पासवर्ड वीस अक्षरांचा असो वा पन्नास, या वाटेवर त्याचा अडसर होत नाही.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तिन्ही संकेतस्थळे स्वच्छ करा, कारण एक दूषित राहिले तर ते उरलेल्या दोघांना पुन्हा बाधित करते. त्यानंतरच पासवर्ड बदला. शक्य असल्यास पॅनेलवरून पासवर्ड रीसेट करण्याची सोय बंद करण्याची विनंती होस्टिंग कंपनीला करा; ती मुख्य प्रशासकाच्या हाती असते.

पासवर्ड बदलल्याने जे आपोआप जात नाही, तेही पाहावे लागेल: अनोळखी एफटीपी (फाइल्सची ने-आण करण्याची) खाती, एसएसएच कळा (सर्व्हरवर पासवर्डशिवाय लॉगिन देणाऱ्या), एपीआय टोकन (प्रोग्रॅमला खात्यात प्रवेश देणारे), ईमेल फॉरवर्डर (आलेला मेल दुसरीकडे पाठवणारे) आणि विशेषतः क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी आज्ञा). पुसलेली फाइल दर काही मिनिटांनी पुन्हा आणून ठेवणारी क्रॉनची एक ओळ मी स्वतः एकाहून अधिक वेळा पाहिली आहे.

जुना_डेव्हलपर:
वरील विवेचन पटते. परंतु एफटीपीकडे दुर्लक्ष होऊ नये. साध्या एफटीपीत पासवर्ड उघड मजकुरात जातो, आणि फाइलझिला या एफटीपी प्रोग्रॅममध्ये मास्टर पासवर्ड ठेवलेला नसेल तर साठवलेले पासवर्ड केवळ बेस६४ या सहज उलटवता येणाऱ्या रूपात असतात, म्हणजे संगणकात शिरलेल्या कोणालाही ते वाचता येतात. पॅनेलही २०८२ ऐवजी २०८३ या पोर्टवरूनच उघडावे, कारण पहिल्यावरची देवाणघेवाण कूटबद्ध नसते. याशिवाय दरमहा पासवर्ड बदलण्याची सवय लावून घ्यावी, असे माझे मत आहे.

सर्व्हर_राखणदार:
शेवटचा मुद्दा सोडून सर्व मान्य. ठरावीक काळाने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलावा, अशी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची २०१७ पासूनची भूमिका आहे. दरमहा बदलताना माणसे शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. त्याऐवजी टू-फॅक्टर (पासवर्डसोबत फोनवरच्या ॲपमधला कोडही मागणारे लॉगिन) सुरू करा. त्यात दर ३० सेकंदांना नवा कोड तयार होतो, त्यामुळे कोणी पासवर्ड रीसेट केला तरी लॉगिनसाठी त्याला फोनवरचा कोड लागतोच. मात्र एफटीपी आणि ईमेलच्या लॉगिनला हे संरक्षण लागू होत नाही, हे लोक हमखास विसरतात. फोन हरवल्यास उपयोगी पडावी म्हणून सुरुवातीला मिळणारी गुप्त कळ जपून ठेवा. फोनचे घड्याळ चुकीचे असेल तर योग्य कोडही नाकारला जातो.

आणखी एक विचारतो: बदलण्यापूर्वी आपल्या संपर्काचा ईमेल याच होस्टिंगवरच्या डोमेनचा होता का?

नवखा_व्यवस्थापक:
होय, त्याच डोमेनचा होता. आता कळते की मेलबॉक्सही त्याच खात्यात असल्याने पत्ता बदलल्याची सूचना आली असती तरी खाते हातचे गेल्यावर ती मला वाचता आली नसती. आज तपासले तेव्हा मी न लिहिलेला एक क्रॉन जॉब आणि एक अनोळखी एसएसएच कळ आढळली. दोन्ही काढली आहेत, संपर्कासाठी दुसऱ्या सेवेवरचा ईमेल दिला आहे आणि टू-फॅक्टरही सुरू केले आहे. दोन वर्षे अद्ययावत न केलेले एक गॅलरी प्लगइन सापडले असून संशय त्याच्यावरच आहे. आता तीन संकेतस्थळांसाठी तीन स्वतंत्र खाती घ्यावीत का?

सर्व्हर_राखणदार:
खर्च झेपत असेल तर जरूर घ्या. तोवर ते प्लगइन फक्त निष्क्रिय करून ठेवू नका, फाइल्ससकट पुसून टाका. निष्क्रिय प्लगइनच्या फाइल्सही थेट पत्ता देऊन चालवता येतात.