एक्झॉटिक हॅड्रॉनला मराठीत काय लिहावं?

हेवी आयन टकरींवर (जड अणुकेंद्रं एकमेकांवर आदळवतात त्यावर) मराठीत लिहितेय, त्यात 'एक्झॉटिक हॅड्रॉन' सारखा येतो (हॅड्रॉन म्हणजे क्वार्क या मूलकणांचा बनलेला कण). 'विदेशी' तर बादच केलं. 'विलक्षण', 'दुर्मिळ' यातलं काही चालेल का? आणि मॉलेक्यूलला रेणू?

—

दुर्मिळ नको, मुद्दा किती सापडतात हा नाहीच, कशाचा बनलाय हा आहे. नेहमीचे हॅड्रॉन दोन प्रकारचे, तीन क्वार्कचे बॅरिऑन (आपले प्रोटॉन-न्यूट्रॉन) नाहीतर क्वार्क आणि अँटिक्वार्कची जोडी म्हणजे मेसॉन, यात न बसणारा तो एक्झॉटिक, मग चारांचा टेट्राक्वार्क असो की पाचांचा पेंटाक्वार्क. विलक्षण, विचित्र हे पण टाळा, 'स्ट्रेंज' नावाचा क्वार्कचा एक प्रकार आहे, त्याच्याशी गल्लत होते. मी 'अपारंपरिक' लिहितो.

—

अपारंपरिक म्हटलं की सौरऊर्जा आठवते हो! 'वेगळ्या घडणीचा हॅड्रॉन' लिहा, लांब आहे पण अर्थ नेमका.

रेणू चालेल, पण 'हॅड्रॉनी रेणू' असं पूर्ण लिहा कारण सगळा वाद तिथेच आहे, की हा दोन मेसॉन सैल बांधलेला रेणू आहे की सगळे क्वार्क एकत्र असलेला एकच कण. एक्स(३८७२) हा एक्झॉटिक कण घ्या, २००३ मध्ये जपानच्या बेल प्रयोगात सापडला, त्याचं वस्तुमान दोन डी मेसॉनांच्या (डी-शून्य आणि डी-स्टार-शून्य) बेरजेला जवळजवळ चिकटून आहे, म्हणजे रेणू असेल तर बांधणी अगदी सैल आणि आकार कित्येक फेमटोमीटर (प्रोटॉनसारख्या कणांचा आकार मोजायचं एकक), आणि चारही क्वार्क एकाच गाठोड्यात असतील तर साधारण १ फेमटोमीटर. शिशाची अणुकेंद्रं आदळली की क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (क्वार्क सुटे झालेला अतितप्त रस) होतो, तो निवताना कण जुळतात, मग आजूबाजूच्या पायऑनांचे (हलक्या मेसॉनांचे) धक्के खात काही तुटतात, आणि या दोन्ही गोष्टी आकारावर ठरतात, म्हणून शेवटी किती उरले ते मोजून आतली घडण ताडायची. सर्नच्या सीएमएस प्रयोगाने २०२२ मध्ये शिशाच्या टकरींत एक्स(३८७२) दिसल्याचा पुरावा छापला, साय(२एस) या नेहमीच्या मेसॉनच्या तुलनेत प्रमाण प्रोटॉन टकरींपेक्षा जास्त वाटतं, पण त्रुटीपट्टा मोठा आहे आणि मॉडेलं एकमेकांच्या उलट सांगतात, त्यामुळे 'सिद्ध झालं' असं कृपया लिहू नका.

—

आणि कोअलेसन्सला, म्हणजे प्लाझ्मा निवताना कण एकत्र येतात त्याला? विलीनीकरण?

—

नको नको. विलीन झालं की वेगळेपण उरत नाही आणि रेणूत तर दोन्ही मेसॉन आपापले शाबूत असतात, तेव्हा नुसतं 'जुळणं' लिहा, ते दोन्ही शक्यतांना चालतं.