युबिसॉफ्टचा सगळ्यात भारी गेम कुठला आणि सगळ्यात बंडल कुठला?

पर्वतीकर

मंडळी, वाद जुनाच आहे पण परवा भाच्याने परत उकरून काढला. दहावीची परीक्षा झाली, घरी नवीन पीसी आलाय, मला म्हणतो मामा तू कॉलेजात असताना काय खेळायचास ते सांग, मी तिथून सुरुवात करतो. मी म्हणलं प्रिन्स ऑफ पर्शिया, सँड्स ऑफ टाइम, २००३ चा. त्याने यूट्यूबवर दोन मिनिटं बघितला आणि म्हणाला ह्याच्यापेक्षा माझ्या मोबाइलवरचे गेम बरे दिसतात. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

तर प्रश्न असा की युबिसॉफ्टचा, म्हणजे हा गेम काढणाऱ्या कंपनीचा, एक बेस्ट आणि एक वर्स्ट सांगा, कारणासकट. नुसतं नाव टाकून पळायचं नाही.

माझा बेस्ट अर्थातच सँड्स ऑफ टाइम. त्यात राजपुत्र स्वतः गोष्ट सांगत असतो ना, तर आपण दरीत पडून मेलो की त्याचा आवाज येतो, छे छे, असं नव्हतं झालं, थांबा परत सांगतो. म्हणजे आपण मेलो ते त्याच्या सांगण्यातली चूक! आणि खंजिराचं बटण दाबून धरलं की काळ उलटा, पडलेला माणूस दरीतून वर येतो, भिंतीवरून उलटा पळत परत कठड्यावर. पण खंजिरातली जादूची वाळू संपली की खेळ खलास, त्यामुळे उडी मारायची भीती गेली तरी काळजी राहायचीच. शिवाय गोष्ट सुरूच होते भारतात, बापलेक आपल्या एका महाराजाचा महाल लुटतात आणि राजपुत्राची सोबतीण फराह त्याच महाराजाची मुलगी. तेव्हा हे आमच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, आम्ही लुटणाऱ्याच्या बाजूने खूष.

वर्स्ट म्हणाल तर ह्याचाच पुढचा भाग, वॉरियर विदिन. एका वर्षात त्या बडबड्या, स्वतःवरच फिदा असलेल्या पोराचं त्यांनी दात ओठ खाणारं काहीतरी करून ठेवलं, वर गॉडस्मॅक ह्या मेटल बँडची गिटार. कशासाठी?

दहाकाग्रस्त

पर्वतीकर दादा, तुमचा आदर आहे पण हे वाक्य मागे घ्या. वॉरियर विदिन वर्स्ट?? आमच्याकडे कॅफेत २० रुपये तास होता आणि आम्ही तिघं मित्र मिळून एक तास घ्यायचो, एक खेळणार, दोघं मागे उभे राहून ओरडणार. दहाका नावाचा राक्षस मागे लागला की स्क्रीनचा रंगच उडायचा, मागे वळून बघायची सोय नाही, नुसतं पळायचं, आणि मागचे दोघं डावीकडे डावीकडे म्हणत असताना हा उजवीकडे उडी मारून मेला की त्याची पाळी संपली. असा गेम मला परत मिळालेला नाही.

आणि गिटारवर जाऊ नका, आतलं डोकं बघा. दहाकाला पाणी चालत नाही, पाण्याच्या पडद्यातून पलीकडे गेलात की वाचलात. आणि गेम सेव्ह कुठे होतो? कारंजाचं पाणी प्यायलं की. म्हणजे पाणी दिसलं की जीव भांड्यात पडायचा, हे कुठेही पाटी लावून सांगितलेलं नाही, अंगवळणीच पडतं. मग जीव वाढवणारी नऊच्या नऊ लाइफ अपग्रेड शोधलीत तर वॉटर स्वोर्ड मिळते आणि तिनेच दहाकाला मारता येतं, शेवटच बदलतो. आमचं आठवं अपग्रेड झालं आणि दुसऱ्या दिवशी कॅफेवाल्याने मशिन फॉरमॅट मारलेलं. मी त्या कॅफेसमोरून अजून मान खाली घालून जातो.

माझा वर्स्ट २००८ चा प्रिन्स ऑफ पर्शिया. चित्रं सुंदर, एकदम पुस्तकातून काढल्यासारखी, पण मरायचंच नाही म्हणजे काय? पडलं की एलिका नावाची सोबतीण हात धरून वर ओढते.

पर्वतीकर

अरे पण काळ उलटा फिरवणं आणि हात धरून ओढणं ह्यात फरक काय? दोन्हीकडे तू मरत नाहीसच.

दहाकाग्रस्त

फरक आहे ना दादा, वाळू मोजकी होती. एलिकाचा हात काही संपत नाही. तुम्हीच वर काळजी राहायची म्हणालात, तीच तर गेली इथे.

मोडकंकीबोर्ड

राजपुत्रावरच अडकलात राव. असॅसिन्स क्रीडसुद्धा त्याच घरातला, आधी तो प्रिन्स ऑफ पर्शियाचाच पुढचा गेम म्हणून बनत होता. पहिला २००७ चा, कल्पना जबरी, पण काम तेच तेच, मनोऱ्यावर चढा, बाकड्यावर बसून चोरून ऐका, कुणाचा तरी खिसा कापा, मग एक खून, की परत तेच.

बेस्ट मात्र असॅसिन्स क्रीड २, २००९. सुरुवात आठवते का? आपला हिरो एत्सिओ नुकताच जन्मलाय आणि आपण बटणं दाबून त्या तान्ह्या बाळाचे हातपाय हलवतो. कुठलं बटण हाताचं, कुठलं पायाचं हे शिकवायची ह्याहून गोड पद्धत मी बघितलेली नाही. पुढे बाप आणि दोघं भाऊ फासावर जातात. धाकटा पेत्रुच्चो पिसं गोळा करायचा, तर अख्ख्या गेममध्ये छपरांवर १०० पिसं पसरलेली, ती आणून पेटीत टाकायची. आई त्या दिवसापासून गप्पच झालेली. बाकी गेम्समध्ये मी असल्या गोळा करायच्या गोष्टींकडे ढुंकून बघत नाही, इथे सगळी १०० शोधली कारण ती कुणासाठी आहेत हे माहीत होतं.

वर्स्ट ह्याच मालिकेतला युनिटी, नोव्हेंबर २०१४. आता सगळे म्हणतील बग्ज बग्ज, हो होते, चेहरा गायब आणि हवेत नुसते डोळे नि दात तरंगतायत ते फोटो सगळ्या जगाने बघितले. कंपनीने माफी मागितली, पुढच्या जोडभागांचा सीझन पास विकणं बंद केलं, डेड किंग्ज हा जोडभाग फुकट वाटला. पण बग्ज दुरुस्त होतात. आज युनिटीचं पॅरिस बघा, गल्लीत शिरलं की लोकांचे थवे, छपरावरून सुबक खाली उतरायची सोय, २०१९ ला नोत्र दामला आग लागली तेव्हा आठवडाभर पीसीवर फुकट दिलेला आणि लोक नुसतं ते चर्च फिरून बघायला आत गेले. एवढं सगळं असून माझा वर्स्ट का, तर त्याचा हिरो आर्नो. फ्रेंच राज्यक्रांती चालू आहे बाहेर, माणसं गिलोटिनवर जातायत, आणि ह्याला त्याचं काही देणंघेणं नाही. वाडा चिरेबंदी पण आत राहायला कुणी नाही असं झालं ते.

जयगडचा_खलाशी

वर्स्टच्या स्पर्धेत मी स्कल अँड बोन्स उतरवतो, बाकीच्यांनी घरी जावं.

आधी असॅसिन्स क्रीडमधलाच ब्लॅक फ्लॅग घ्या, २०१३ चा. समुद्रावर निघालो की खलाशी गाणी म्हणायला लागतात, नवीन गाणं हवं असेल तर गावात वाऱ्यावर उडणारा कागद छपराछपरांवरून पाठलाग करून पकडायचा. समोरचं जहाज तोफांनी मोडायचं, दोर टाकून जवळ ओढायचं, आणि तलवार घेऊन स्वतः पलीकडच्या डेकवर उडी. मी बंदरावर वाढलेला माणूस, मला विचाराल तर ते पाणी बघूनच पैसे वसूल.

मग लोक म्हणाले ह्यातलं नुसतं जहाजांचं काढून वेगळा गेम करा. केला. २०१७ ला जाहीर, आला फेब्रुवारी २०२४ ला, सात वर्षं! आणि त्यात काय आहे, तर दुसऱ्याच्या जहाजावर उडीच मारता येत नाही, एक छोटा सीन दिसतो आणि माल तुमच्या खात्यात जमा. चाच्यांच्या गेममध्ये हातात तलवार नाही. लाकूड हवं असेल तर किनाऱ्याला जहाज लावायचं आणि जहाजात बसल्या बसल्या योग्य क्षणी बटण दाबून झाडं तोडायची. खलाशी दमले की त्यांना खायला द्यायचं, नाहीतर जहाज वेग घेत नाही. आणि कंपनीचे साहेब ह्याला ट्रिपल ए, म्हणजे नुसता मोठ्या बजेटचा, नाही, त्याच्याही वरचा क्वाड्रुपल ए म्हणाले. वरून गेम हिंदी महासागरातला, म्हणजे आंग्र्यांच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या आमच्यासारख्यांनी किती आशेने बघितला असेल विचार करा.

चहा_बिनसाखरेचा

पुण्याची आहे म्हणून एक दुखरी नस दाबतेच. सप्टेंबर २०२० मध्ये सँड्स ऑफ टाइमचा रीमेक जाहीर झाला, बनवणार युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ. आमच्या ग्रुपवर काय आनंद, राजपुत्र पुण्यात येतोय, चितळ्यांकडे रांगेत उभा करा वगैरे. मग ट्रेलर आला आणि लोकांनी चेहऱ्यावरून, प्रकाशावरून अक्षरशः सोलून काढला. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच गेली, आणि मे २०२२ ला काम माँट्रियलला, म्हणजे मूळ गेम जिथे झाला तिथे. माहेरी परत पाठवला म्हणा. तो गेम आलाच नाही, तेव्हा त्याला वर्स्ट म्हणणार नाही मी. पण ट्रेलरखाली जे लोक इंडियन स्टुडिओ म्हटल्यावर असंच होणार लिहीत होते त्यांचा अजून राग आहे, आणि त्यात आपलेच जास्त होते.

बेस्ट म्हणून माझं मत प्रिन्स ऑफ पर्शियाच्याच द लॉस्ट क्राउनला, जानेवारी २०२४, माँपेलिएच्या टीमचा. बाजूने दिसणारा गेम, नकाशा अवाढव्य. असल्या गेममध्ये माझं नेहमी हे होतं की एक बंद दार दिसतं, नंतर ताकद मिळते तोवर ते दार कुठे होतं हेच विसरलेली असते. इथे एक बटण दाबलं की त्या जागेचा फोटो निघून नकाशावर टाचला जातो. इतकी साधी गोष्ट! आधी कुणाला सुचली नाही ह्याचंच नवल. मालिकेच्या नावातच पर्शिया असून पहिल्यांदाच फारसी आवाजही होते, मी तोच लावून खेळले, मधूनच हजार, दरवाजा असले आपले शब्द कानावर पडतात. टीमचं पुढे काय झालं, तर वेगवेगळ्या कामांवर पांगवली.

आणि पर्वतीकर, भाच्याला जुन्या ग्राफिक्सचा त्रास होत असेल तर फार क्राय ४ द्या. मोडकंकीबोर्ड, हा पण नोव्हेंबर २०१४ चा आणि माँट्रियलचाच बरं का, तुमच्या युनिटीच्या पुढच्याच आठवड्यात आला. हिमालयातला देश, हत्तीवर बसता येतं, आणि हिरो आईच्या अस्थी विसर्जन करायला आलेला. पहिल्याच प्रसंगात व्हिलन जेवायच्या टेबलावर बसवतो, म्हणतो इथेच थांब, मी आलोच, आणि निघून जातो. सगळे उठून पळतात. पण पंधरा मिनिटं खरंच बसून राहिलं तर तो परत येतो, अस्थी ठेवायच्या जागी घेऊन जातो आणि गेम संपतो! एक गोळी न झाडता. ते सांगा त्याला.

मोडकंकीबोर्ड

पुढच्याच आठवड्यात हे डोक्यातच नव्हतं. एकाच घरात एकाच महिन्यात दोन बाळंतपणं म्हणजे.

पर्वतीकर

सगळ्यांना धन्यवाद, वॉरियर विदिनचं वाक्य अर्धं मागे घेतो, पाण्याचं ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. गिटार मात्र माफ नाही.

चहाताई, काल फार क्राय ४ टाकून दिला. भाच्याला टेबलापाशी बसवलं आणि फक्त एवढंच सांगितलं की तो माणूस थांब म्हणाला ना, मग थांब, कीबोर्डला हात लावू नकोस. मी चहा टाकायला आत गेलो. आधण यायच्या आत बाहेरून हाक, मामा, काहीच होत नाहीये, गेम हँग झालाय, रीस्टार्ट मारू का?