‘धर्मसंकट’ की आणखी काही? एका आईच्या निवडीसाठी शब्द हवा आहे

प्रश्न

जगबुडीनंतरच्या काळात घडणारी एक कथा लिहितो आहे. आई, दोन मुलं, दोघंही तापाने फणफणलेली. औषध एकाला पुरेल एवढंच. अर्धं अर्धं दिलं तर कुणालाच गुण येणार नाही. मी लिहिलं, ‘तिच्यापुढे धर्मसंकट उभं राहिलं.’ वाक्यात चूक काही नाही, पण वाचताना आई दिसेनाशी होते. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद

धर्मसंकटात दोन वेगळी कर्तव्यं आमनेसामने येतात. अर्जुनापुढे एकीकडे क्षत्रियाचा धर्म होता, दुसरीकडे आप्तांची आणि गुरूंची हत्या. तुमच्या कथेत कर्तव्य एकच आहे, लेकरू जगवणं, आणि तेच दोन्ही अंथरुणांपाशी उभं आहे. तेव्हा तो शब्द काढाच. ‘पेच’ कसा वाटतो?

प्रतिसाद

पेच नको. शब्दासोबत येणारं क्रियापद बघा: पेच सुटतो, कोंडी फुटते, संकट टळतं. या शब्दांच्या पोटात सुटकेची आशा असते. (‘पेच’ फारसीतून आला, मूळ अर्थ पीळ; पीळ उलगडता येतो.) इथे उलगडण्यासारखं काही नाही.

‘इकडे आड, तिकडे विहीर’ म्हणावं, तर त्यात पडणारा माणूस स्वतः असतो. कात्रीत सापडणाराही स्वतःच. आपल्या नेहमीच्या वाक्प्रचारांत जो निवडतो तोच धोक्यात असतो. या आईला मात्र आडात दुसऱ्याला सोडायचं आहे आणि स्वतः काठावर उभं राहायचं आहे. तुमचं वाक्य तिथेच अडतं, असं मला मनापासून वाटतं.

‘तोंडचा घास काढून देणं’ही अशा कथांत उलटं होऊन बसतं. एरवी ती माया. पण मुलांना सांभाळणारं मोठं माणूस एकच उरलं असेल आणि तेच उपाशी राहून कोसळलं, तर मुलंही जात नाहीत का? विमानातही प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतःला लावा, मग मुलाला, असं सांगतात. तुमची आई स्वतः पोटभर जेवते आणि मुलं बघत राहतात, असा प्रसंग कथेत आला तर तो औषधाच्या प्रसंगाइतकाच जड होईल.

प्रतिसाद

इंग्रजीत अशा निवडीला ‘सोफीज चॉइस’ म्हणतात. विल्यम स्टायरनच्या १९७९च्या कादंबरीवरून ते रूढ झालं; तिच्यात नाझी छळछावणीत एका आईला दोन मुलांपैकी कुणाला वाचवायचं ते निवडावं लागतं. मराठीत तसंच उचलू नये, कारण त्यामागची छळछावणी वाचकाला ठाऊक असेलच असं नाही. मी साधं ‘निवडणं’ ठेवेन. आपण धान्य निवडतो तेव्हा खडे बाजूला काढतो. वाचकाच्या मनात तो अर्थ असतोच, आणि इथे दोघांपैकी खडा कुणीच नाही. विशेषण मात्र लावू नका. ‘अवघड निवड’ म्हटलं की शब्दच तिची बाजू मांडू लागतो.

प्रश्नकर्ता

काठावर उभं राहण्याचा मुद्दा फार लागला. नाम शोधत बसलो होतो, ते सोडून दिलं. ‘काळजावर दगड ठेवून’ असंही एकदा लिहून खोडलं. दगड ठेवल्यावर दुखणं थांबल्यासारखं वाटतं. आता वाक्य असं आहे: ‘तिने धाकटीला औषध पाजलं. थोरला जागा होता. ती त्याच्या उशाशी जाऊन बसली.’

‘थोरला जागा होता’ ठेवू ना?

प्रतिसाद

ठेवा.