उपदेशक ७:१६ : ‘फार नीतिमान होऊ नये’ ह्याचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न – गोदाम कारकून

सर्वांना प्रभूमध्ये नमस्कार. एका खासगी कंपनीच्या गोदामात आवक मालाच्या नोंदी ठेवण्याचे काम मी नऊ वर्षे करीत आलो आहे. गेल्या वर्षी एका पुरवठादाराचा माल दर खेपेस चलनावरील आकड्यापेक्षा कमी भरू लागला, आणि तरीही माल पूर्ण मिळाल्याची सही मी करावी, असे मला वरून सांगण्यात आले. मी काट्यावर भरलेले वजनच लिहीत राहिलो. दोन महिन्यांत माझी बदली दूरच्या गोदामात झाली. आता आठवड्यातून एकदाच घरी येणे होते आणि खोलीभाड्याचा खर्च वेगळा.

ह्याचे दुःख आहेच, पण विचारायचे आहे ते निराळे. घरच्या प्रार्थनेत थोरल्या काकांनी, माझ्या काळजीपोटीच, बायबलमधील उपदेशक ह्या पुस्तकातील ७:१६ (सातव्या अध्यायाचे सोळावे वचन) वाचले. माणसाने फार नीतिमान होऊ नये, फाजील शहाणपण मिरवू नये, स्वतःचा नाश का ओढवून घ्यावा, अशा अर्थाचे ते वचन आहे. ‘शास्त्रच सांगते आहे, बाळा, थोडे सांभाळून घे,’ असे काका म्हणाले. शब्बाथ शाळेत पाठ केलेले नीतिसूत्रे ११:१, म्हणजे खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो हे वचन, मला काट्यासमोर रोज आठवत असे. मग ही दोन वचने एकमेकांना छेद देतात काय?

उत्तर – निवृत्त शिक्षिका

भाऊ, काकांनी वाचलेले वचन एकटे वाचू नये. त्याच्या आधीचे आणि नंतरचेही वाचावे. पंधराव्या वचनात उपदेशक सांगतो की, नीतिमान मनुष्य आपल्या नीतिमत्त्वात असतानाच नाश पावलेला आणि दुष्ट मनुष्य दुष्टाई करीत दीर्घायुषी झालेला, असे दोन्ही त्याने पाहिले आहे. सतराव्या वचनात तो लगेच बजावतो की, फार दुष्टही होऊ नये. आता ‘फार दुष्ट होऊ नये’ ह्याचा अर्थ थोडी दुष्टाई चालेल असा कोणी लावीत नाही; तर मग सोळाव्या वचनातून थोडी लबाडी चालेल असा अर्थ काढण्याला आधार कोणता? पुढे विसाव्या वचनात तो म्हणतो की, केवळ सत्कर्मच करणारा आणि कधीही पाप न करणारा नीतिमान पृथ्वीवर नाही. ह्या ओघात पाहिले म्हणजे सोळावे वचन मला असे वाटते: आपल्या चोखपणाच्या बळावर आपण देवाकडून सुरक्षितता विकत घेऊ शकतो, हा भ्रम माणसाने बाळगू नये. तुम्ही जे लिहिले ते केवळ खरे वजन होते. त्याला अतिरेक म्हणता येणार नाही.

उत्तर – शब्दाभ्यासक

ताईंच्या मताला एक जोड देतो. त्या वचनाच्या उत्तरार्धात हिब्रू क्रियापदाचे जे रूप आहे, त्यात स्वतःला शहाणे ठरवण्याची, शहाणपण मिरवण्याची छटा आहे. म्हणजे इशारा आहे तो दिखाव्याविरुद्ध.

नीतिसूत्रे ११:१ कडेही थोडे थांबून पाहावे. त्या काळी नाण्यांऐवजी चांदी तोलून दिली जात असे आणि वजने दगडाची असत. यहूदाच्या प्रदेशात उत्खननात सापडलेले शेकेल ह्या वजनाचे दगड साधारण ११ ग्रॅमच्या आसपास भरतात. लबाड व्यापारी पिशवीत दोन प्रकारचे दगड ठेवीत असे, घेताना जड आणि देताना हलका. अनुवाद ह्या पुस्तकातील २५:१३ मध्ये नेमकी ह्यालाच मनाई आहे. खऱ्या वजनाला मूळ भाषेत ‘पूर्ण दगड’ म्हटले आहे, आणि त्यातील ‘पूर्ण’ हा शब्द ‘शालोम’ (शांती) हा शब्द ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून आला आहे. आमोस ८:५ मधील व्यापारी तर शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, केव्हा संपतो आणि माप लहान करून धान्य केव्हा विकतो, ह्याचीच वाट पाहतात, आणि त्यात भरडला जातो तो गरीब. म्हणून बायबलमधील नीतिमत्त्व ही एकट्याच्या अंतःकरणाची टापटीप नव्हे. तराजूच्या दुसऱ्या बाजूला शेजारी उभा आहे, हे ते विसरू देत नाही.

उत्तर – संसारी

दोन्ही उत्तरे पटली, तरी काकांची बाजू कोणी मांडलेली नाही. १ तीमथ्य ५:८ मध्ये पौलाने घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला फार कठोर शब्द वापरले आहेत. मुलांची फी भरावयाची असते तेव्हा बदलीची झळ केवळ कर्त्या पुरुषालाच लागत नाही. हा भार खरा आहे, एवढे तरी मान्य व्हावे.

उत्तर – नाव नको

भार खरा आहे, हे मी अनुभवाने सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका कागदावर मी सही केली होती, आणि तीही मुलांचेच नाव पुढे करून. नोकरी टिकली, पण त्यानंतर कोणतीही चुकीची गोष्ट नाकारण्याचा माझा अधिकार गेला, कारण पहिली सही समोरच्याच्या हाती होती. नीतिसूत्रे १६:८ मध्ये अन्यायाच्या मोठ्या मिळकतीपेक्षा नीतीचे थोडके बरे म्हटले आहे. ते मला फार उशिरा समजले.

आता ह्यापुढे कसे वागावे, ह्यासाठी दानिएलाचा पहिला अध्याय वाचावा. बाबेलात बंदिवान असताना राजाच्या अन्नाने विटाळायचे नाही हा त्याचा निश्चय ढळला नाही. पण त्याने थयथयाट केला नाही, की अधिकाऱ्याला अपमानित केले नाही. त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या जिवाची भीती होती, ती ओळखून त्याने कारभाऱ्याला १० दिवसांची परीक्षा सुचवली. निश्चय हे नीतिमत्त्व आणि ती सूचना हे शहाणपण. मला वाटते, शास्त्राला दोन्ही हवे आहेत. पुढच्या वेळी वजन कमी भरले तर काटापावतीची प्रत चलनाला जोडावी, फरक शांत भाषेत लेखी कळवावा आणि आपल्याजवळ एक प्रत ठेवावी. त्यामुळे वरिष्ठालाही योग्य वागण्याची वाट मोकळी राहते.

प्रश्नकर्ता – गोदाम कारकून

सर्वांचे मनापासून आभार. त्या वेळी मी आकडा खरा लिहिला. पण वरिष्ठांशी बोलताना माझा स्वर चढला होता आणि चार लोकांसमोर मी त्यांना लबाड म्हटले होते, हे पहिल्या लिखाणात मी सांगितले नव्हते. फाजील शहाणपण मिरवण्याचा इशारा मला तेथे लागू पडतो. काटापावती जोडण्याची पद्धत मी नव्या गोदामात सोमवारपासूनच सुरू करतो. येत्या रविवारी उपासनेनंतर काकांकडे जेवायला जायचे आहे. तेव्हा हा अध्याय पंधराव्या वचनापासून विसाव्यापर्यंत आम्ही दोघे मिळून वाचू.