पाम तेलाच्या टाक्यांचं धुवण आपल्याच दर्यात का?

मिऱ्याकर: परवा पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली तर मासळीबरोबर पिवळट पांढरे गोळे. बोटांत चिरडले तर थिजलेल्या तुपासारखे, वास खवट. डांबर नव्हे, ते आम्हाला दर पावसाळ्यात ओळखीचं आहे. मार्पोल, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्याचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे रसायनं आणि खाद्यतेलं नेणारं जहाज माल उतरवून टाकी धुतं आणि ते पाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे सोडू शकतं. खोली किमान २५ मीटर. म्हणजे साडेतेरा वाव, आमचे लोक त्याच्याही पुढे जाळी टाकतात! वायव्य युरोपच्या समुद्रात मात्र २०२१ पासून मेण, पाम तेल असला तरंगणारा माल असेल तर पहिलं धुवण बंदरातच उतरवावं लागतं. आपला दर्या काय उकिरडा आहे?

माजी_चीफमेट: केमिकल टँकरवर आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. नियम एवढा ढिला नाही. जहाज ७ नॉटच्या (ताशी ७ सागरी मैलांच्या) वर चालत असावं लागतं, पाणी जलरेषेखालच्या तोंडातूनच सोडायचं, प्रत्येक धुण्याची नोंद कार्गो रेकॉर्ड बुकात. एक्स, म्हणजे सगळ्यात घातक वर्गातल्या मालाचं पहिलं धुवण तर कुठेही बंदरातच द्यावं लागतं. २००७ नंतरच्या जहाजात टाकी उपसल्यावर ७५ लिटरपेक्षा जास्त उरता कामा नये. गोळे कुठून आले हे तपासल्याशिवाय जहाजाच्या माथी कशाला?

मिऱ्याकर: ते ७५ लिटर पाण्याने घेतलेल्या चाचणीतले ना? पाणी भिंतीला चिकटत नाही, पाम तेल चिकटतं.

माजी_चीफमेट: बरोबर पकडलंत. म्हणूनच त्याखालच्या वाय वर्गातल्या गोठणाऱ्या मालालाही (पाम तेल त्याच वर्गातलं) प्रीवॉश, म्हणजे ते पहिलं धुवण बंदरात देणं, लागतंच. फक्त वितळणबिंदूच्या १० अंश वर गरम ठेवून उतरवला, तर तो गोठणारा धरत नाहीत. मग सूट. सगळे गरमच उतरवतात, त्यात लबाडी नाही.

सड्यावरची: म्हणजे टाकीत पातळ, दर्यात घट्ट! आमच्याकडे खोबरेल थंडीत गोठतं, पाम तर २८ अंशांच्या पाण्यातही गोठतं. सूट टाकीतलं तापमान बघून, भोगणार रापणकार.

माजी_चीफमेट: ताई, मुद्दा मान्य. पण युरोपासारखा नियम आणायचा तर बंदराला ते धुवण घ्यायला टाक्या, टँकर, प्रक्रिया हवी. न्हावाशेव्याला जहाज आलं आणि घ्यायला कोणी नाही, तर धक्क्यावर ताटकळणार. भाडं वाढलं की ते तेलाच्या डब्यावरच येणार. आधी सोय, मग सक्ती.

सड्यावरची: सोय आधी, हे गटारापासून धरणापर्यंत ऐकतोय. सक्ती नसेल तर सोय बांधेल कोण? (डबा महाग झाला तर आम्ही भजी कमी तळू.)

मिऱ्याकर: माझाही तोच सवाल. आणि चीफमेट साहेब, गोळे बाटलीत भरून फ्रीजात ठेवलेत. बायको रोज शिव्या घालतेय. तपासायला कुठे द्यायचे, तेवढं सांगा.

माजी_चीफमेट: बाटली काचेची आहे ना? प्लास्टिकची असेल तर आधी ती बदला. तारीख, वेळ, जागा चिठ्ठीवर लिहून चिकटवा. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्जासकट द्या, अर्जाची एक प्रत तटरक्षक दलाला.