कपाशीवरील लाल्या: फवारलेली विकरे हरितद्रव्य वाढवतात का?

प्रश्न (चोपडा तालुका)
आमच्या कोरडवाहू बीटी कपाशीवर, बोंडे भरत असताना आणि रात्रीचा गारठा सुरू होताच, लाल्या (पाने लाल पडण्याची विकृती) दिसू लागला आहे. खालची पाने कडांकडून लाल होत असून शिरा अजून हिरव्या आहेत. एका कृषी केंद्रात टॉनिक सुचवले गेले. त्यातील अँटिऑक्सिडंट विकरे (प्राणवायूच्या घातक रूपांपासून पेशी वाचवणारी एन्झाइम) पानात शिरून हरितद्रव्य तयार करतात, असे सांगण्यात आले. यात तथ्य किती?

उत्तर १ (धुळे)
भाऊ, ही विकरे हरितद्रव्य तयार करत नाहीत, असलेले राखतात. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असते आणि ते बसवणारे विकर निराळेच आहे. बोंडे भरू लागली की खालच्या पानांतील नत्र आणि मॅग्नेशियम तिकडे ओढले जाते. मॅग्नेशियम तुटले की पानातली साखर बाहेर जात नाही, कर्बग्रहण मंदावते, ऊन मात्र तेवढेच पडत राहते. मग वापराविना उरलेले इलेक्ट्रॉन प्राणवायूवर जाऊन सुपरऑक्साइड हे त्याचे घातक रूप बनते आणि ते हरितद्रव्याची नासाडी करते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि हरितलवकातील (पेशीतील हरितद्रव्य असलेल्या कणांतील) अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज हे दुसरे विकर त्या पेरॉक्साइडचे पाणी करते. चाकमाक आणि मार्शनर या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये घेवड्यावर दाखवले की मॅग्नेशियमच्या कमतरतेत, विशेषतः प्रखर उजेडात, या विकरांची क्रिया उलट वाढते. म्हणजे ती वाढलेली दिसणे हे ताणाचे लक्षण आहे. बाहेरून फवारलेली एवढी मोठी प्रथिने पानाचा मेणचट थर ओलांडून हरितलवकात पोहोचतील, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते. लाल झालेले पान नीट पाहा: दुसऱ्या पानाखाली झाकलेला भाग बहुधा हिरवाच सापडेल, कारण तिथे ऊन कमी पडते.

उत्तर २ (पारोळा)
वरील म्हणण्याशी सहमत. ही विकरे झाड स्वतःच बनवते. त्यासाठी त्याला जस्त, तांबे, मँगनीज आणि लोह लागते. फवारणीपूर्वी पानाची खालची बाजू अवश्य तपासा, कारण तुडतुड्यांनीही कडा लाल होऊन वळतात आणि तेव्हा खताचा उपयोग नाही. तुडतुडे नसतील तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारावे. लाल झालेली पाने मात्र पुन्हा हिरवी होतील अशी आशा धरू नये; फवारणी वरच्या पानांसाठी आहे.

प्रश्नकर्ता
तुडतुडे नाहीत. सोबत डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) मिसळले तर चालेल का?

उत्तर २ (पारोळा)
नाही, स्फुरद आणि मॅग्नेशियमचा साका बसून नोझल चोंदते. नत्रासाठी २ टक्के युरिया त्याच पंपात घ्या आणि फवारणी उन्हाचा जोर ओसरल्यावर करा.