शिकताना न बोलता कळलेलं: तुमचे अनुभव सांगा

रानवारा:
काल लेकीचा भागाकार घेत होते. वहीकडे बघेल तर शपथ! माझ्या तोंडाकडे बघत नुसतं "सहा? सात? ...आठ!" आठला माझी भुवई हलली असणार. एकदम आमच्या गणिताच्या बाई आठवल्या, फळ्यावर बरोबर लिहा नाहीतर चूक, चेहरा तोच, मग झक मारत उदाहरणाकडेच बघावं लागायचं. तुमच्या मास्तरांच्या नजरा, हातवारे, काहीही येऊद्या.

चिमटा:
बर्लिनचा हान्स घोडा! खूर आपटून गणितं सोडवायचा, मालक गणिताचाच मास्तर. १९०७ मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की समोरच्याचं डोकं जरा हललं की घोडा थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडा नापास. आणि मालक काही फसवत नव्हता, त्या बिचाऱ्यालाही पत्ता नव्हता.

रानवारा:
लेकीला घोडा म्हणालात 😂

मधला_बाक:
मी शिकवते. मान डोलावणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, ती "कळलं" नसते, "सोडा आता" असते. मी हात बघते. बुटक्या पेल्यातलं तेच पाणी उंच पेल्यात ओतलं की जास्त झालं म्हणतं पोर, पण बोटं पेल्याची रुंदीही दाखवत असतात, म्हणजे डोक्यात काहीतरी शिजतंय, तोंडात यायचंय. मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो यांचं यावरच काम आहे, अशी मुलं शिकवलेलं पटकन उचलतात. दार वाजलं, येते

अर्धवट:
आमचे सर प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत गप्प उभे राहायचे. इतकं अवघडायचं की शेवटी कुणीतरी बोलायचंच, आणि मग दुसरा त्याला खोडायचा, मग तिसरा

चिमटा:
यावर मेरी बड रो या शिक्षणसंशोधिकेचं काम आहे. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प बसणारेही कमी होतात.

पाणकोंबडा:
पोहायला शिकताना कानात पाणी, ऐकू शून्य. सर काठाने चालत स्वतःचं कोपर उचलून दाखवायचे. ओरडले असते तर मी बुडालोच असतो

नवा_सदस्य:
संवाद ९३% देहबोली असतो म्हणे ना?

मधला_बाक:
आले. नाही हो, मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांचे आकडे ते, आवडनिवड कशी कळते एवढ्यापुरते, आणि त्यात आवाजाचा सूरही धरलाय. नाहीतर आवाज बंद करून भूमिती शिकवली असती मी! ऑनलाइन वर्गात उलटंच, आवाज होता, चेहरे गायब. काळ्या चौकोनांना विनोद सांगायचे.

अर्धवट:
आम्ही हसायचो बाई. म्यूटवर.

मधला_बाक:
पुरावा?

अर्धवट:
कॅमेरा बंद होता 🙏